खोलीचा ताप

आजींचे वय ७९. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात त्या लग्न होऊन आल्या आणि तिथेच त्यांचा सारा संसार झाला. एका पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत खचली, तेव्हा मुलाने गंगापूर रोडच्या बाजूला चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर सदनिका घेतली आणि घरातली सर्वांत मोठी खोली आईला दिली. खोलीचे तोंड पश्चिमेला, भिंतभर सरकती काच. आकाश निवळलेले असले की अंजनेरीचा डोंगर दिसतो. आईला उतारवयात सुख मिळावे एवढाच मुलाचा हेतू होता, हे मुद्दाम नमूद करतो.

पहिल्याच मे महिन्यात सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, आईंना भोवळ आली. दोन दिवस जेवणही जात नाही." जाऊन पाहिले तर जीभ कोरडी, लघवी कमी, रक्तदाब १००/६०. आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. ती मी काही दिवस थांबवली, क्षारसंजीवनी दिली, आणि चार दिवसांत आजी सावरल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच घडले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बोलताना गोंधळू लागल्या, रक्तातले सोडियम उतरलेले निघाले आणि दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. घरी परतल्यावर त्यांना पाहायला मी गेलो तो रात्री नऊच्या सुमारास, दवाखाना आटोपून. खोलीत पाऊल टाकताच भट्टीजवळ गेल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर टांगायचा साधा तापमापक घेऊन गेलो. रात्री नऊ वाजता खोलीत ३५ अंश सेल्सिअस आणि तीन पावलांवरच्या गॅलरीत २८.

तीन उन्हाळे मी आजींचा ताप, नाडी, रक्तदाब मोजत होतो. खोलीचा ताप मोजावा हे मला सुचले नव्हते.

म्हातारपणी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था मंदावते. घाम उशिरा आणि कमी येतो, त्वचेकडे रक्त वळवण्याचे हृदयाचे बळ घटते आणि, सर्वांत फसवे म्हणजे, शरीराला पाणी हवे असूनही तहान लागत नाही. त्यात औषधांची भर. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी व क्षार कमी करतात. हृदयासाठी दिली जाणारी काही औषधे नाडी वाढू देत नाहीत. मनोविकारांवरच्या, मूत्राशयावरच्या, सर्दीच्याही काही गोळ्या घाम रोखतात. (हे वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये, उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा विचारावे.) तरुण माणूस दिवसभर तापला तरी रात्रीच्या गारव्यात सावरतो. नाशिकची रात्र आजही बऱ्यापैकी निवते, पण तो निवारा आजींच्या खोलीत शिरतच नव्हता. दिवसभर स्लॅबने आणि भिंतींनी प्यायलेले ऊन रात्री आत पाझरत होते.

हा आजार माझ्या पेटीतल्या औषधांचा नव्हता. म्हणून मुलाच्या ओळखीतल्या एका तरुण वास्तुविशारद बाईंना आम्ही बोलावले. त्या आल्या त्या दुपारी तीन वाजता, मे महिन्यात, तीही स्वतः निवडलेली वेळ. "डॉक्टर, रुग्णाला ताप असताना बघायला हवे ना?" असे हसून म्हणाल्या. गच्चीवर गेल्या, स्लॅबला हात लावून आल्या, भिंतीची जाडी मोजली, खिडकी उघडून पाहिली. मग वहीत रेघोट्या ओढत त्यांनी आम्हाला घर वाचून दाखवले.

नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून वरच्या मजल्याचा खरा शत्रू छत. उघड्या स्लॅबवर कोबा होता, पण तो काळवंडलेला, आणि काळा रंग ऊन पितो. दुसरी पश्चिमेची काच. उतरता सूर्य आडवा येतो. त्याला साधा छज्जा पुरत नाही आणि इथे तर छज्जाही नव्हता. काचेतून ऊन आत येते, वस्तू तापवते आणि ती उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. आतला जाड पडदा लावून उपयोग थोडा, कारण तोवर ऊन घरात शिरलेले असते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. तिसरे, सरकती खिडकी दिसते भिंतभर, उघडते निम्मीच. आणि समोरच्या भिंतीला वारा बाहेर पडायला झरोका नाही. वाट एकच असेल तर वारा आत येऊन करणार काय?

त्यांनी सुचवलेला पहिला उपाय बिनपैशाचा होता: खोल्यांची अदलाबदल. पूर्वेची लहान खोली आजींना, पश्चिमेची मोठी मुलाला. दुसरा, खिडकीबाहेर बांबूची चिक, दुपारी बारा ते सात सोडलेली. तिसरा, दारावर जाळीचा झरोका आणि रात्री हवा बाहेर ओढणारा पंखा. चौथा उपाय गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशांचा, म्हणजे ज्याला मिस्त्री चायना मोझेक म्हणतात त्याचा थर. गच्ची सोसायटीची, त्यामुळे या चौथ्या उपायाला चार महिने आणि तीन बैठका लागल्या. शेवटी वरच्या मजल्यावरच्या तिन्ही कुटुंबांनी खर्च वाटून घेतला.

पुढच्या मे महिन्यात रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या खोलीत ३१ अंश, आजींच्या नव्या खोलीत ३०. त्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी मला फोन आला तो एकदाच, तोही गुडघ्यासाठी. आजींची एक तक्रार मात्र राहिली, डोंगर गेला. त्यावरही तोडगा निघाला. सकाळी अकरापर्यंत पश्चिमेची खोली गार असते. तेवढा वेळ त्यांची खुर्ची तिथे असते.

वाड्याचे काय घ्यावे

ही हकिगत सांगितली की आमच्या वयाची मंडळी लगेच म्हणतात, "वाडेच बरे होते." त्यात तथ्य आहे आणि अतिशयोक्तीही. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा ज्यांनी आतून पाहिला असेल त्यांना भर उन्हात त्याच्या दगडी भिंतींआडचा गारवा आठवेल. खाली काळ्या पाषाणाचे जोते, वर जाड वीटकाम, सागवानी खांब, मधे चौक, भोवती ओसरी. जाड भिंत उष्णता थांबवत नाही, उशीर करते. दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर चौकातून गार हवा खेळू लागते. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, अशा नाशिकच्या हवेला ही युक्ती बेतलेली होती. हीच जाड भिंत मुंबईत तेवढी कामाची नाही. तिथली रात्र दमटच असते, तिथे वारा खेळवावा लागतो.

पण मी गेली कित्येक वर्षे वाड्यांत घरभेटीला गेलो आहे. अंधारे जिने, त्यांच्या वीतभर पायऱ्या आणि आधाराला लोंबता दोर. आवाराच्या टोकाला शौचालय. ओल चढलेल्या भिंती आणि त्यावरच्या बुरशीने बळावलेला दमा. चुलीच्या धुराने काळवंडलेली माजघरे, आणि तशीच काळवंडलेली त्या माजघरांतल्या बायकांची फुप्फुसे. मांडीचे हाड मोडलेल्या किती आजींना आम्ही त्या जिन्यांवरून खुर्चीत बसवून उतरवले असेल, त्याचा हिशेब नाही. दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येतेच. तेव्हा वाड्याची उठाठेव करायची ती त्यातल्या शहाणपणासाठी, स्मरणरंजनासाठी नव्हे. हल्ली काही उपाहारगृहांना वाड्याचा दर्शनी भाग लावतात आणि आत वातानुकूलन यंत्र घरघरत असते. तो वाडा नव्हे, वाड्याचा मुखवटा.

शहाणपण घेऊन मुखवटा टाकणारे वास्तुविशारद आपल्याकडे होऊन गेले आहेत. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. २०१८ मध्ये वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादच्या भाजणाऱ्या उन्हात त्यांनी स्वतःचे 'संगाथ' हे कार्यालय बांधले, ते निम्मे जमिनीत उतरवून. त्याच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचा थर आहे. आजींच्या गच्चीवर जे झाले त्याच कुळातला. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीत जुन्या बंगल्याचा व्हरांडा वर नेला: मुंबईत वारा पश्चिमेचा, पण तापते ऊन आणि झोडपणारा पाऊसही पश्चिमेचाच, म्हणून आतल्या खोल्यांच्या पुढे खोल, दोन मजली उंचीच्या गच्च्या सोडल्या. त्या घरांतली माणसे धनिक होती ही गोष्ट खरी, पण ओसरीची कल्पना काही धनिकांची नव्हे.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते लॉरी बेकर. कारण थोडे घरगुती आहे. बेकर १९१७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम येथे जन्मले, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठीच्या कामावर भारतात आले आणि १९४८ मध्ये त्यांनी डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला. पिठोरागडच्या डोंगरात या दांपत्याने वर्षानुवर्षे रुग्णालय चालवले. बाई रुग्ण तपासत, हे बांधकाम पाहत. पुढे ते केरळात स्थायिक झाले. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार आपल्याला दिशा देऊन गेला असे ते सांगत. विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची त्यांची भिंतीची पद्धत प्रसिद्ध आहे. तिला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि मधल्या पोकळीमुळे ऊन आत यायला अडखळते. स्लॅबच्या खालच्या थरात, जिथे काँक्रीट नुसतेच भरावापुरते असते, तिथे ते जुनी मंगलोरी कौले घालीत. सिमेंट वाचते, छतही कमी तापते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, हे ध्यानात घेतले की त्या कौलांची किंमत कळते. आपल्याकडेही सोय आहे: एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची राख नाशिककरांच्या अगदी उशाशी आहे, आणि तिच्या विटा व हलके ठोकळे इथल्या बांधकामांवर रोज दिसतात.

आराखड्याच्या आधी

'शाश्वत' हा शब्द हल्ली जाहिरातींत इतका घासला गेला आहे की वापरताना संकोच वाटतो. आमच्या त्या वास्तुविशारद बाई तो वापरतच नाहीत. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सूर्य कुठून कसा फिरतो हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. नोकरीत पहिल्याच वर्षी ते बाजूला ठेवायला लागते. आराखडा चटईक्षेत्रापासून सुरू होतो, सूर्यापासून नाही." मी विचारले, मग करायचे काय? उत्तरादाखल त्यांनी जे सांगितले त्यात मला आमच्याच व्यवसायाचा आरसा दिसला.

आधी रोगी पाहावा, मग औषध. दर्शनी भाग रेखाटण्याआधी जागेवर दुपारी तीनला आणि रात्री नऊला जाऊन उभे राहावे. घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते, ते विचारावे. हा प्रश्न फार मोलाचा आहे. कमावती माणसे दिवसाचे दहा तास बाहेर असतात. घराचे चोवीस तासांचे रहिवासी म्हणजे आजी-आजोबा आणि त्यांची काळजी घेणारी व्यक्ती, बहुधा सून किंवा लेक. पण आराखड्याच्या बैठकीला त्यांपैकी कोणी क्वचितच असते. दुपारची झोप कुठे, रात्री शौचाला किती वेळा उठणे होते, गोळ्या कुठे ठेवतात, सकाळचे कोवळे ऊन अंगावर कुठे घेता येईल, हे त्यांनाच ठाऊक. (काचेआडून घेतलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यासाठी उघडी गॅलरी लागते.) घर कमी विजेत चालावे म्हणून जे करायचे ते बहुतेक या माणसांच्या प्रकृतीसाठीही हितकर ठरते: खोलवर सावली, आरपार वारा, दिवसाचा नैसर्गिक उजेड, छताला आच्छादन. वीज गेली की याचा पुरावा मिळतो. भर दुपारी दोन तास वीज नसताना घर किती तापते, यावर माझ्या वृद्ध रुग्णांचा जीव अवलंबून असतो.

नियमही अगदीच नाहीत असे नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती-खिडक्यांतून उष्णता किती आत यावी याला तीत मर्यादा आहे आणि छतासाठी वेगळी. छतासाठीची मर्यादा उघड्या साध्या स्लॅबशी ताडून पाहिली तर असा स्लॅब जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. आपल्या वास्तुविशारदाला वा बांधकाम व्यावसायिकाला "छत संहितेत बसते का?" एवढे एकच वाक्य विचारून पाहावे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळते.

वातानुकूलनाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करायला हवे. हृदय दुबळे असलेल्या ऐंशीच्या माणसाला मे महिन्याच्या दुपारी थंड खोली हे औषधच आहे. आणि हवाच ४० अंशांच्या पुढे गेली की पंखा फक्त गरम झोत अंगावर टाकतो. पण औषधाची मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी असे आम्हाला शिकवतात. चांगल्या घरात ते यंत्र तासभर चालते, वाईट घरात बारा तास; आणि त्या बारा तासांची उष्णता शेजारच्या खिडकीवर फेकली जाते.

याहून अवघड भाग पैशाचा. वास्तुविशारदांचे मानधन पुष्कळदा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. म्हणजे ज्याने विचार करून काच, सिमेंट आणि यंत्रे कमी लागतील असे घर काढले, त्याचे मानधन घटते. हा दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. आमच्याकडेही तपासण्या जितक्या जास्त तितकी कमाई जास्त, ही विकृती आहेच, तेव्हा मी दगड मारायला उभा नाही. पण बेतशुद्ध काम हवे असेल तर विचाराचे पैसे ठरवून द्यायची तयारी घरमालकानेही ठेवावी.

आणि शेवटची गोष्ट फेरतपासणी. आम्ही रुग्णाला गोळ्या देऊन म्हणतो, आठ दिवसांनी या. घराचा ताबा दिल्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ देऊन, तापमापक घेऊन परत येणारा वास्तुविशारद मला फार क्वचित भेटला. वीजबिल पाहणारा, ओल कुठे आली ते विचारणारा, आजी रात्री नीट झोपतात का हे पुसणारा. त्याने यावे म्हणून घरच्यांनीच बोलावण्याचा प्रघात पाडायला काय हरकत आहे?

जुनी इमारत पाडून नवी बांधणाऱ्या सोसायट्यांसाठी एक वैद्यकीय सूचना मधेच घालतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. पाडकामात जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲसबेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते फोडू, कापू वा घासू नयेत. पूर्ण पत्रा ओला करून उतरवावा. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो, आणि तो अनेक वर्षांनी उमटतो. नव्या रंगाचा, प्लायवूडचा उग्र वास जाईपर्यंत दम्याच्या व जुनाट खोकल्याच्या रुग्णांना तिथे राहायला नेऊ नये. काम पावसाळ्याच्या आत उरकून महिनाभर दारे-खिडक्या उघड्या ठेवता आल्या तर उत्तम.

सध्या आमच्याच इमारतीच्या पुनर्विकासाचा घोळ सुरू आहे. पहिल्या आराखड्यात पश्चिमेची सारी बाजू निळसर काचेची होती. समितीतल्या तरुण सभासदांना ती आवडली, आणि दिसायला ती खरोखरच देखणी होती. मी आजींच्या खोलीतले दोन आकडे फळ्यावर लिहिले, ३५ आणि २८, आणि सभेत बसलेल्या साठीपुढच्या सभासदांना हात वर करायला सांगितले. बावीस जणांपैकी तेरा हात वर झाले. वास्तुविशारद तरुण गृहस्थ. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या बैठकीत जिना, लिफ्ट आणि धुण्याच्या गॅलऱ्या पश्चिमेला आणून झोपायच्या खोल्या पूर्वेला व उत्तरेला सरकवल्या होत्या. चाकाची खुर्ची जाईल असा, बारा फुटांत एक फूट चढणारा उतार दाराशी होता. स्नानगृहाचा उंबरठा मात्र अजून तसाच आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याचा विषय निघेल.